विश्लेषण : मालिकेतल्या आईने घर सोडले, मालिकेने का नाही?

घरासाठी राबणारी आई हे टीव्ही मालिकांचे सर्वांत जुने पात्र. १९८४ मध्ये ती सोसत राहिली, २०१९ नंतर ती उंबरठा ओलांडून बाहेर पडली. तरीही रोज संध्याकाळी ती त्याच दिवाणखान्यात दिसत राहिली. यात लेखकांची मर्जी किती, रोजच्या मालिकेच्या अर्थकारणाचा हात किती आणि प्रेक्षकांचा वाटा किती?

२३ डिसेंबर २०१९ रोजी स्टार प्रवाह वाहिनीवर ‘आई कुठे काय करते’ ही मालिका सुरू झाली. नायिका अरुंधती देशमुख. पंचवीस वर्षांचा संसार, तीन मुले, सासू-सासरे आणि ‘समृद्धी’ नावाचे घर. नवरा अनिरुद्धचे ऑफिसातील संजनाशी संबंध असल्याचे तिला कळते आणि तिथून कथा वळण घेते. पुढे घटस्फोट, मागे पडलेले गाणे पुन्हा हाती घेणे, स्वतःची कमाई आणि मुले मोठी झाल्यावर केलेले दुसरे लग्न, असा तिचा प्रवास झाला. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी मालिका संपली.

मराठी घरांत पोळ्या लाटण्याच्या वेळी घटस्फोटित आईचे दुसरे लग्न दाखवले जाणे, ही लहान गोष्ट नव्हती. पण नियमित प्रेक्षकांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली असेल. अरुंधती ‘समृद्धी’तून बाहेर पडली, तरी मुलांचे वाद, सासूचे आजारपण, सण, साखरपुडे या ना त्या कारणाने तिचे पाऊल त्याच उंबऱ्यात पडत राहिले.

‘हम लोग’ची आई कशी होती?

ही गोष्ट समजून घ्यायची तर दूरदर्शनच्या काळात जावे लागते. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. तिची कल्पना मेक्सिकोतून आली होती. तिथे मिगेल साबिदो यांनी प्रौढ साक्षरता, कुटुंब नियोजन असे विषय मालिकांतून लोकांपर्यंत पोहोचवले होते. तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री वसंत साठे यांनी मेक्सिको भेटीत हा प्रयोग पाहिला आणि तो भारतात आणायचे ठरवले. लेखन मनोहर श्याम जोशी यांच्याकडे आले. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन त्या दिवसाच्या घडामोडींवर चार शब्द बोलत.

साबिदोंच्या पद्धतीत पात्रांचे तीन प्रकार असतात. एक अनुकरण करावे असे, दुसरे टाळावे असे आणि तिसरे या दोघांच्या मध्ये अडकून हळूहळू बदलणारे. ‘हम लोग’मधील आई भागवंती हे टाळावे असे पात्र होते. दारुड्या नवऱ्याचा जाच आणि सासूची बोलणी निमूटपणे सोसणारी. प्रेक्षकांनी तिच्याकडे पाहून ‘असे जगू नये’ म्हणावे, अशी अपेक्षा होती.

झाले उलटेच. एव्हरेट रॉजर्स आणि अरविंद सिंघल या संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला, तेव्हा बऱ्याच जणांना भागवंती आदर्श वाटत असल्याचे आढळले. सोशिकपणा हा प्रेक्षकांच्या लेखी दोष नव्हताच. लेखकाने दिलेला इशारा घराघरांत सद्गुण म्हणून स्वीकारला गेला.

आणखी एक धडा मिळाला. सुरुवातीच्या भागांत कुटुंब नियोजनाचा उपदेश इतका होता की लोक कंटाळले. मग उपदेश कमी करून भाऊ-बहिणींचे प्रेम, भांडणे, स्वप्ने यांना जागा दिली गेली आणि मालिका दीड वर्ष गाजली. दूरदर्शनकडे चार लाखांच्या वर पत्रे आली. प्रायोजक कंपनीचे त्या काळात नवखे असलेले दोन मिनिटांचे नूडल्सही घरोघरी पोहोचले. मालिकेतून शिकवण थेट पाजता येत नाही आणि मालिकेचा खर्च कुणीतरी माल विकून भागवत असतो, हे दोन्ही भारतीय टीव्हीला पहिल्याच मोठ्या प्रयोगात कळले.

मधल्या काळात काय बदलले?

मराठीत खासगी वाहिन्यांचे पर्व १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठीपासून सुरू झाले. त्याच वर्षीच्या ‘आभाळमाया’तील सुधा जोशी शिकलेली, नोकरी करणारी होती आणि नवऱ्याच्या दुसऱ्या नात्याला तिला तोंड द्यावे लागले. २००१ मध्ये ई टीव्ही मराठीवर सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ ११ वर्षे चालली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. २०१६ ते २०२१ या काळात झी मराठीवरील ‘माझ्या नवऱ्याची बायको’तील वऱ्हाडी बोलणारी राधिका नवऱ्याचे प्रेमप्रकरण उघड करते, त्याच्याकडून हिशोब मागते आणि मसाल्यांचा उद्योग उभा करते.

या मालिकांत एक धागा समान आहे. नवऱ्याचे ‘बाहेर’ असलेले नाते हा कथेचा आरंभ असतो. फरक पडला तो बायकोच्या उत्तरात. संसार टिकवण्याची धडपड मागे पडत गेली आणि कमाई, घटस्फोट, दुसरे लग्न हे पर्याय एकेक करून कथेत आले. यातला प्रत्येक पर्याय समाजात आधीपासूनच होता. मालिकेने तो ‘चांगल्या घरातल्या’ बाईच्या आवाक्यात आणला.

एकच गोष्ट सात भाषांत कशी चालली?

‘आई कुठे काय करते’चे मूळ बंगालीत आहे. स्टार जलशा वाहिनीवर जून २०१९ मध्ये ‘श्रीमोयी’ सुरू झाली. लेखिका लीना गंगोपाध्याय. त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षात ही कथा मराठी, मल्याळम, तेलुगू, कन्नड, तमिळ आणि हिंदीत आली. हिंदीतील ‘अनुपमा’ जुलै २०२० मध्ये सुरू झाली आणि देशातील सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिकांत जाऊन बसली.

एकाच समूहाच्या वाहिन्यांना तयार कथा वापरणे सोयीचे असते, हे झाले व्यावसायिक कारण. पण सोय म्हणून आणलेली प्रत्येक कथा चालत नाही. इथे कळीचा मुद्दा सगळीकडे लागू पडला. अहमदाबादचे गुजराती घर असो की मराठी, आईचे काम दिसत नाही आणि मोजले जात नाही. प्रत्येक भाषेने तिला बाहेर पडण्यासाठी वेगळी वाट दिली. अरुंधतीला गाणे मिळाले, अनुपमाला नृत्य, तर तमिळमधील बाकियालक्ष्मीला स्वयंपाकाचा व्यवसाय. यातले काहीही नव्याने शिकलेले नाही. लग्नाआधी येत असलेले किंवा लग्नानंतर रोज फुकट केले जाणारे काम इथे पहिल्यांदा तिच्या नावावर लागते.

‘आई कुठे काय करते’ हा प्रश्न आकड्यांत मांडता येतो का?

येतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुळात ज्यांनी त्या दिवशी काही घरकाम केले असे पुरुषच जेमतेम चारात एक होते. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ मिनिटे आहेत. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पण पुरुषांचीही नऊ झाली. मधली दरी होती तेवढीच राहिली.

न्यायालयातही हा प्रश्न आला. जानेवारी २०२१ मध्ये रस्ते अपघातातील भरपाईच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे आर्थिक मूल्य धरलेच पाहिजे, असे स्पष्ट केले. न्या. एन. व्ही. रमणा यांनी आपल्या निकालपत्रात याच सर्वेक्षणाचा आधार घेतला. म्हणजे अरुंधती दिवाणखान्यात जो हिशोब मांडत होती, तोच त्याच सुमारास न्यायालयातही मांडला जात होता.

मग तिचे घर सुटत का नाही?

याचे उत्तर बरेचसे चित्रीकरणाच्या वेळापत्रकात आहे. रोजच्या मालिकेचा भाग साधारण २०-२२ मिनिटांचा असतो आणि आठवड्याला पाच-सहा भाग द्यावे लागतात. एवढे काम रोज नवनव्या जागी करणे परवडत नाही. म्हणून गोरेगावची चित्रनगरी, मढ, ठाण्याचा घोडबंदर रस्ता अशा ठिकाणी एक घर कायमचे उभारले जाते किंवा बंगला भाड्याने घेतला जातो. दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना, दोन-तीन खोल्या. या घरावर झालेला खर्च शेकडो भागांतून वसूल व्हायचा असतो. पात्र घर सोडून गेले तर त्या पात्रासाठी दुसरे घर उभारावे लागते, नाहीतर त्याला परत आणावे लागते. परत आणणे स्वस्त पडते.

एकत्र कुटुंबाचेही तसेच. शहरांत दोन-तीन खोल्यांचे संसार वाढले, पण मालिकेत तीन पिढ्या एका छपराखाली असतात. एकाच दिवाणखान्यात सात-आठ माणसे असली की कोणी तरी दाराआडून ऐकते, कोणाला तरी गैरसमज होतो आणि उद्याचा भाग तयार होतो. एखाद्या कलाकाराच्या तारखा नसतील तर दुसऱ्या पात्राची गोष्ट पुढे सरकवता येते. संवाद कमी पडले तर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा फिरवून वेळ भरून काढता येतो. एकत्र कुटुंब ही लेखकासाठी सोय आहे.

त्यात भर पडते ती टीआरपीची. ‘बार्क’ ही संस्था ५० हजारांहून अधिक निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांतून कोण काय पाहते हे मोजते आणि आकडे दर आठवड्याला जाहीर होतात. जे चालले ते वाढते, जे पडले ते गुंडाळले जाते. कादंबरीकाराला शेवट ठाऊक असतो. मालिकेच्या लेखकाला अनेकदा पुढचा महिनाही ठाऊक नसतो. नायिकेने धाडसी पाऊल टाकले की आकडा चढतो, पण ती सुखी झाली तर उद्या दाखवायचे काय? म्हणून प्रत्येक सुटकेनंतर नवे संकट येते. मालिका चालू राहायची तर आईची सुटका पूर्ण होऊन चालत नाही.

मालिका पाहून समाज बदलतो का?

काही प्रमाणात बदलतो, असे संशोधन सांगते. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्लीतील कुटुंबांची पाहणी केली. गावात केबल टीव्ही आल्यानंतर, नवऱ्याने मारहाण करणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला आणि घरच्या निर्णयांत स्त्रियांचा सहभाग वाढला, असे त्यांच्या २००९ च्या शोधनिबंधात आहे. विशेष म्हणजे तेव्हा केबलवर सासू-सुनांच्याच मालिकांचा जोर होता. पण त्यांतल्या बायका शहरात राहत, शिकलेल्या असत, एकट्या घराबाहेर पडत. गावातल्या प्रेक्षकांनी भांडणांपेक्षा हे जगणे टिपले असावे.

ब्राझीलमध्येही असेच दिसले. तेथील ग्लोबो वाहिनीच्या मालिकांतील बहुतेक नायिकांना मूल नसे किंवा एकच असे. ज्या भागांत ही वाहिनी पोहोचली तिथे जन्मदर घटल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कुटुंब लहान ठेवा, असा उपदेश त्या मालिकांत कोणी करत नव्हते.

‘हम लोग’, केबल आणि ब्राझील ही तिन्ही उदाहरणे एकत्र ठेवली तर एक सूत्र हाती लागते. प्रेक्षक पात्रांच्या भाषणापेक्षा त्यांच्या रोजच्या जगण्यातून जास्त घेतात. बाई एकटी रिक्षाने जाते, स्वतःच्या नावाने बँकेत खाते उघडते, वकिलासमोर बसते, ही दृश्ये कथेत बिनमहत्त्वाची वाटतात. मनात मात्र तीच राहतात.

काय दाखवले जात नाही?

हेच सूत्र उलट लावले तर मालिकांचे अपुरेपणही दिसते. आडनावे आणि घरे बहुतेकदा सुस्थितीतल्या कुटुंबांची असतात. जात हा विषय लग्न ठरतानाही क्वचित येतो. नायिकेला मदत करणारी मोलकरीण दारात उभी असते, पण तिच्या घरात कॅमेरा फारसा जात नाही. खलनायिका बहुधा दुसरी बाईच असते. दुखावणारा नवरा मात्र माफी मागत, पुन्हा चुकत कथेत टिकून राहतो.

आणि सर्वांत न दिसणारी गोष्ट म्हणजे, नायिका बाहेर पडल्यावर स्वयंपाक कोण करते? सासू करते, सून करते, कधी दुसरी बायको करते. घरचा पुरुष रोजचा कुकर लावताना दिसणे दुर्मीळ. सर्वेक्षणातील ८८ मिनिटेही त्याच्या वाट्याला पडद्यावर येत नाहीत.

आता मालिका मोबाइलवरही पाहिल्या जातात. सासू दिवाणखान्यात आणि सून लोकलमध्ये तोच भाग पाहते, दोघींना एका सोफ्यावर बसावे लागत नाही. एका पडद्यासमोर बसलेल्या कुटुंबासाठी लिहिली गेलेली गोष्ट यामुळे बदलेल का, हे येत्या काळात दिसेल. घर सोडलेल्या आईच्या मागे उरलेल्या ओट्यासमोर कोण उभे राहते, एवढे जरी नव्या मालिकांनी दाखवले, तरी पुढच्या सर्वेक्षणापर्यंत काही घरांत त्याचे अनुकरण झालेले असू शकेल.