शिंगराचा चीक

मनुष्याच्या अर्भकास रोगप्रतिकाराची शक्ति मातेच्या उदरांतच कांहीं अंशीं लाभते. घोडीची वार मात्र प्रतिद्रव्यें पलीकडे जाऊं देत नाहीं. म्हणून पहिला चीक हेंच शिंगराचें चिलखत. तो शोषून घेणारें आंतड्याचें दार सुमारें २४ तासांत मिटतें; पहिले सहा-आठ तास सर्वांत मोलाचे! हें उसनें बळ पुढें ओसरतें. मग चार ते सात महिन्यांचें, नुकतें दूध तुटलेलें शिंगरूं लॉसोनिया जंतूच्या तावडींत सांपडूं शकतें. १९९५ सालीं लॉसन या शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ नांव पावलेला हा जंतु आंतड्याच्या पेशींत शिरूनच वाढतो. आंतडें जाड होतें, रक्तांतील प्रथिनें झिरपून जातात, पोटाखालीं सूज उतरते व शिंगरूं वाळूं लागतें. अशा वेळीं दाणा वाढविण्यापेक्षां पशुवैद्यास बोलावणें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें.