नियम लिहिणारे चित्रकार

फेब्रुवारी १९६५. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे माक्स बेन्झे यांनी आपल्या छोट्या कलादालनात एक प्रदर्शन भरवलं. भिंतीवर गेओर्ग नेस या गणितज्ञाची रेखाचित्रं होती. नेस सीमेन्स कंपनीत एर्लांगेनला नोकरीला होते आणि यातली एकही रेघ त्यांनी हाताने ओढलेली नव्हती. त्यांनी प्रोग्रॅम लिहिला होता आणि ‘ग्राफोमाट’ नावाच्या प्लॉटरने त्याबरहुकूम कागदावर पेन फिरवलं होतं. संगणकाने काढलेल्या चित्रांचं हे जगातलं पहिलं प्रदर्शन मानलं जातं.

उद्घाटनाला शहरातले चित्रकारही आले होते. त्यांच्यापैकी एकाने नेसना विचारलं की, माझ्या ब्रशचा फटकारा तुमच्या यंत्राला जमेल का? नेस म्हणाले, जरूर जमेल, फक्त तुम्ही चित्र नेमकं कसं काढता ते आधी मला सांगा. यावर चित्रकार मंडळी चिडली, काही जण तर निघूनच गेले. वातावरण निवळावं म्हणून बेन्झे यांनी या चित्रांना ‘कृत्रिम कला’ म्हणायचं ठरवलं, पण त्याने कोणाचं समाधान झालं नाही.

साठ वर्षं झाली तरी हा वाद मिटलेला नाही. गणित आणि प्रोग्रॅम यांतून निघालेलं चित्र ही कला आहे का? माझं उत्तर ‘हो’ असं आहे, पण सरसकट नाही. सूत्र देखणं आहे म्हणून चित्र कला ठरत नाही आणि यंत्राने काढलं म्हणून ते बादही होत नाही. डोळ्यांना काही दिसावं या हेतूने कोणी नियम रचला का, निघालेलं चित्र पाहून तो बदलला का, नको ते टाकून हवं ते ठेवलं का, हे मी बघतो.

नेस यांचंच ‘शॉटर’ हे चित्र घ्या. शॉटर म्हणजे खडी. एका ओळीत बारा चौकोन आणि अशा बावीस ओळी, म्हणजे एकूण २६४ चौकोन. वरच्या ओळीत ते शिस्तीत एकमेकांना खेटून उभे आहेत. खाली यावं तसे ते थोडे कलतात, जागेवरून सरकतात, एकमेकांवर चढतात आणि तळाशी तर खडीचा ढीग ओतल्यासारखे विखुरतात. यामागचा नियम दोन वाक्यांत सांगता येतो. प्रत्येक चौकोन काढताना संगणकाने यादृच्छिक, म्हणजे फासा टाकून मिळाव्यात तशा संख्या घ्यायच्या आणि तेवढा चौकोन फिरवायचा, सरकवायचा. ओळ जितकी खाली, तितकी त्या संख्यांना मोकळीक जास्त. बस्स, एवढंच. तरीही चित्रासमोर उभं राहिलं की नजर वरून खाली घसरत जाते, आणि शिस्त नेमकी कुठल्या ओळीत मोडली ते शोधायला परत वर चढते. मोकळीक वाढण्याचा वेग थोडा जास्त ठेवला असता तर अर्ध्या चित्रातच गोंधळ माजला असता, कमी ठेवला असता तर भिंतीवरच्या फरशा दिसल्या असत्या. तो वेग संगणकाने ठरवलेला नाही, नेस यांनी ठरवला आहे. मी याला चित्रकाराचा निर्णय म्हणतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत अशाच चित्रांचं प्रदर्शन झालं. त्यात बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतले अभियंते ए. मायकेल नोल यांची चित्रं होती. त्यांच्या ‘गॉसियन-क्वाड्रॅटिक’ या चित्रात वेडीवाकडी वळत जाणारी एकच सलग रेघ आहे. तिचे बिंदू आडव्या दिशेने यादृच्छिक पडतात आणि उभ्या दिशेने वर्गाच्या सूत्राने वाढत जातात. नोल यांनी या चित्राच्या कॉपीराइटसाठी अर्ज केला, तेव्हा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या कार्यालयाने तो नाकारला. कारण काय, तर चित्र यंत्राने काढलेलं आहे. नोल यांनी कळवलं की, यंत्राला चालवणारा प्रोग्रॅम माणसाने लिहिलेला आहे. मग दुसरी हरकत आली: यात यादृच्छिकता आहे, ती चालणार नाही. त्यावर नोल यांनी समजावलं की, या संख्या वरवर कशाही पडलेल्या दिसल्या तरी त्या काढण्याची रीत पूर्णपणे गणिती आहे, तिच्यात दैवावर सोडलेलं काहीच नाही. अखेर नोंदणी झाली. आज हाच वाद नव्या नावाने ऐकू येतो तेव्हा मला या पत्रव्यवहाराची आठवण होते. सरकारी कार्यालयाने विचारलेले ते दोन प्रश्न योग्यच होते. यंत्राचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे विचारायलाच हवं.

नोल यांनी आणखी एक प्रयोग केला. पीट मोंद्रियान या डच चित्रकाराचं १९१७ सालचं एक चित्र आहे, छोट्या आडव्या-उभ्या काळ्या पट्ट्यांचं. त्याच धर्तीचं चित्र नोल यांनी १९६४ मध्ये संगणकाकडून काढून घेतलं, आणि दोन्हींच्या झेरॉक्स प्रती बेल लॅब्जमधल्या शंभर जणांना दाखवल्या. संगणकाचं चित्र कोणतं, हे फक्त २८ जणांनी बरोबर ओळखलं आणि ५९ जणांना संगणकाचंच चित्र जास्त आवडलं. या आकड्यांचा गैरवापर फार होतो. यंत्र मोंद्रियानच्या तोडीचं निघालं, असा अर्थ काही जण काढतात. तो मला साफ चुकीचा वाटतो. पट्ट्या अशा मांडल्या तर चित्र होतं, हा शोध मोंद्रियानने लावला होता. संगणकाला तो आयता मिळाला. शिवाय रंग, कॅनव्हास आणि आकार बाजूला ठेवून झेरॉक्सवर तुलना केली, की चित्राचा बराचसा जीव आधीच गेलेला असतो.

आता जिथे मी ‘नाही’ म्हणेन ते उदाहरण. बेन्वा मांडेलब्रो यांनी १९८० मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत ज्या आकृतीचा अभ्यास केला, ती ‘मांडेलब्रो संच’ या नावाने जगभर पोचली. एक संख्या निवडायची, शून्याचा वर्ग करून त्यात ती मिळवायची, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करून त्यात तीच मिळवायची, आणि हे करत राहायचं. निवडलेल्या काही संख्यांच्या बाबतीत उत्तर आवाक्यात राहतं, काहींच्या बाबतीत भरकटत अनंताकडे जातं. आवाक्यात राहणाऱ्या संख्या कागदावर काळ्या केल्या की ती आकृती उमटते. तिची कड कितीही मोठी करून पाहिली तरी नवा तपशील निघतच राहतो. हे अद्भुत आहे, पण ही आकृती कोणी रचलेली नाही, ती सापडलेली आहे. मांडेलब्रो जन्मले नसते तरी ती तशीच असती. सह्याद्रीला आपण देखणा म्हणतो, पण कलाकृती म्हणत नाही. मात्र त्या संचाचा कोणता कोपरा दाखवायचा, भरकटायला किती पायऱ्या लागल्या यावरून कोणता रंग द्यायचा, हे ठरवणारा माणूस असतोच. ऐंशीच्या दशकात जर्मन गणितज्ञ पाइटगेन आणि भौतिकशास्त्रज्ञ रिश्टर यांनी अशी रंगीत चित्रं काढून त्यांची प्रदर्शनं केली. त्यांतली काही मी बिनदिक्कत कलेत धरेन. पण आज एका क्लिकवर निघणारी हजारो भडक फ्रॅक्टल्स, म्हणजे अशाच आकृत्या, पाहून मन भरत नाही, कारण त्यांत कोणी काहीच ठरवलेलं नसतं.

नियमाने चित्र काढणं आपल्याला नवं नाही. ‘पंधरा ते आठ’ एवढं म्हटलं की रांगोळी काढणाऱ्या बाईला पुढचं सांगावं लागत नाही: मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, मग वर आणि खाली दर ओळीला एक ठिपका कमी, आठावर थांबायचं. १६९ ठिपक्यांचा षट्कोन तयार होतो. तमिळ रांगोळीचे, म्हणजे कोलमचे, नियम तर मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्याबरोबर सत्तरच्या दशकात संगणकशास्त्राच्या व्याकरणात बसवून दाखवले. त्याने कोलम कमी सुंदर ठरलं नाही. ठिपके सर्वांना सारखेच मिळतात. ते कसे जोडायचे आणि कोणत्या पाकळीत कोणता रंग भरायचा, इथे एकीची रांगोळी दुसरीपेक्षा वेगळी होते.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती व्हेरा मोल्नार. १९२४ मध्ये बुडापेस्टला जन्म, १९४७ पासून पॅरिसमध्ये. संगणक हाताशी नव्हता तेव्हाच, १९५९ च्या सुमारास, तिने ‘काल्पनिक यंत्र’ ही युक्ती काढली. आधी नियम लिहायचे आणि मग आपणच यंत्र होऊन ते पाळत चित्र काढायचं. १९६८ मध्ये तिला खरा संगणक वापरायला मिळाला. चौकोनांच्या काटेकोर जाळीत ती थोडासा बिघाड मिसळायची, आणि तो किती मिसळावा हाच तिचा जन्मभराचा अभ्यास होता.

तिची आई बुडापेस्टहून दर आठवड्याला पत्र लिहायची. ओळीची सुरुवात डावीकडे नेटकी, करारी व्हायची आणि उजवीकडे जाता जाता अक्षर अस्वस्थ, थरथरतं होत जायचं. वय वाढलं तसा तो नेटकेपणा कमी कमी होत गेला आणि शेवटी नुसता गोंधळ उरला. मग पत्रं थांबली. मोल्नारने त्या हस्ताक्षराचे नियम शोधले, ते प्रोग्रॅममध्ये लिहिले आणि आईची पत्रं पुन्हा काढली. त्यांत एकही शब्द वाचता येत नाही. डावीकडून उजवीकडे ढासळत जाणाऱ्या नुसत्या रेघा आहेत. यंत्राला भावना नसतात, मग त्याच्या चित्रात त्या कुठून येणार, असं विचारणाऱ्यांनी ही पत्रं जरूर पाहावीत. ब्रशलाही भावना नसतात. इथे लेकीने आईचं अक्षर किती निरखून पाहिलं होतं, ते प्रोग्रॅमच्या ओळीओळीत उतरलं आहे. मोल्नार २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेली, शंभरी पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता.

आता वाचक विचारतील की, चार शब्द टाइप केले की चित्र देणाऱ्या आजच्या एआयचं काय? तिथे परिस्थिती खरोखर वेगळी आहे. नेस आणि मोल्नार यांनी प्रत्येक नियम स्वतः लिहिला. एआयचे नियम मात्र कोट्यवधी चित्रांवरून यंत्राने शिकलेले असतात, आणि ती चित्रं ज्यांनी काढली त्यांपैकी बहुतेकांना कोणी विचारलेलंही नसतं. चार शब्द लिहून पहिलं आलेलं चित्र उचलणाऱ्याला मी चित्रकार म्हणणार नाही. तेच साधन घेऊन महिनोन्‌महिने झगडणाऱ्याला, शेकडो चित्रं फेकून एक ठेवणाऱ्याला नाकारणंही मला जमणार नाही. पण ज्यांच्या चित्रांवर ते यंत्र शिकलं, त्यांचं देणं आधी फेडलं पाहिजे. हा प्रश्न कलेच्या व्याख्येने सुटणारा नाही, त्याला कायदाच लागेल.

‘प्रोसेसिंग’ हे चित्रं काढण्यासाठीच बनवलेलं सॉफ्टवेअर केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलं. ते मोफत मिळतं. त्यात ‘शॉटर’सारखं चित्र काढायला वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. घरात कॉम्प्युटर शिकणारं मूल असेल तर या सुट्टीत त्याच्याबरोबर बसा आणि मोकळीक वाढवणारी ती एक संख्या बदलत बदलत पाच-पन्नास चित्रं काढा. मग त्यांतलं एकच भिंतीवर लावायचं ठरवा, आणि तेच का निवडलं, हे त्या मुलाला विचारा.