फिरत्या घराचे सौरगणित

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. हिवाळा लागला की उत्तरेकडील कडाका टाळणारे हजारो निवृत्त लोक आपली फिरती घरे, म्हणजेच ‘आरव्ही’, घेऊन गावाबाहेरच्या सरकारी माळावर येतात. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा या दीर्घ मुक्कामाचा हंगाम. माळावर वीज नाही. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा ही सारी उपकरणे बॅटरीवर चालतात आणि बॅटरी उन्हावर. म्हणूनच सौर पॅनेल छपरावर सपाट बसवावे की जमिनीवर तिरके मांडावे, हा तेथे जिव्हाळ्याचा प्रश्न ठरतो. अंदाज चुकला तर ऐन पहाटेच्या थंडीत हीटर बंद पडतो.

याचे उत्तर सूर्याच्या उंचीत आहे. हे गाव सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. जूनच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८० अंश वर असतो; तेव्हा सपाट पॅनेलचे नुकसान नगण्य. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो ३३ अंशांपर्यंतच चढतो. त्या वेळी सपाट पॅनेलला भर दुपारीही थेट उन्हाचा जेमतेम ५४ टक्के लाभ होतो. म्हणजे छपरावरील ४०० वॅटचे पॅनेल अंदाजे २१५ वॅटचे काम करते, तर सूर्यासमोर नीट कललेले २०० वॅटचे सुटे पॅनेल जवळपास तेवढेच देते. शिवाय गाडी झाडाच्या सावलीत उभी करून सुटे पॅनेल उन्हात ठेवता येते.

तथापि सुट्या पॅनेलला रोजचे कष्ट पडतात. ते सकाळी मांडायचे, दिवसातून दोन-तीनदा फिरवायचे, वाऱ्यापासून व चोरापासून जपायचे. तार लांब आणि बारीक असेल तर वाटेतच वीज घटते. छपरावरचे पॅनेल यातले काहीच मागत नाही आणि गाडी धावत असतानाही बॅटरी भरत राहते. छपरावरील पॅनेल कलते करण्याच्या पट्ट्याही मिळतात. परंतु त्यासाठी शिडी चढावी लागते आणि निघण्यापूर्वी ते न विसरता पुन्हा आडवे करावे लागते. सत्तरीच्या माणसाला हे सोपे नव्हे.

रोज मुक्काम बदलणाऱ्याला छप्परच सोयीचे. हिवाळाभर एका जागी राहणाऱ्याने छपरावरील पॅनेलला एका सुट्या पॅनेलची जोड द्यावी. मात्र खरेदीपूर्वीचा हिशेब जूनच्या उन्हावर मांडू नये, डिसेंबरच्या उन्हावर मांडावा. जाणता व्यापारीही मंदीचे महिने डोळ्यांपुढे ठेवूनच भांडवलाची तजवीज करतो.