खेळाचं यंत्र घराबाहेर चाललं

गणपतीत भाड्यानं व्हिडिओ आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर पाहिलेली मंडळी अजून गावात आहेत. व्हिडिओ गेला, कॅसेटी गेल्या, पिक्चर मोबाईलवर आला. आता तीच पाळी पोरांच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावर येणार म्हणतात. पन्नास हजारांच्या आसपासचं ते कन्सोल घ्या म्हणून पोरगं मागं लागलं असेल, तर खिशात हात घालण्याआधी हे वाचा.

प्रकार असा. यंत्र चालतं कंपनीच्या केंद्रात, आपल्या घरी येतं फक्त चित्र. बटण दाबलं की हुकूम तारेतून तिकडं जातो, तिथं गडी उडी मारतो आणि उडीचं चित्र परत येतं. पिक्चरचा पुढचा भाग आधीच भरून ठेवता येतो. खेळात पुढं काय होणार ते बटणावर ठरतं, मग आधी भरणार काय?

काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. यंत्र हजार किलोमीटरवर असलं तर जाऊन-येऊन सेकंदाचा शंभरावा भाग. चालून जाईल. पण अमेरिकेत असलं तर नुसत्या प्रवासातच सेकंदाचा आठवा भाग जातो, तेवढ्यात पडद्यावर सात चित्रं सरकलेली असतात. म्हणजे तारेचा वेग वाढवून भागत नाही, यंत्रही जवळ पाहिजे. पाईप जाड केला म्हणून धरण जवळ येतं का?

गूगलनं 'स्टेडिया' ही अशीच सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये काही देशांत सुरू केली. (भारतात ती आलीच नाही.) किमान १० एमबीपीएस वेग हवा, असं कंपनी सांगे. त्या हिशेबानं तासाला साडेचार जीबी! दिवसाचा दीड जीबीचा मोबाईल पॅक वीस मिनिटांत साफ. १८ जानेवारी २०२३ ला सेवाच बंद झाली आणि लोकांनी विकत घेतलेले खेळही गेले. गूगलनं पैसे परत दिले खरे, पण उद्या दुसरी कंपनी देईलच असं कुणी सांगावं?

ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली, पुढं तिलाच भारतनेट नाव मिळालं. पण पंचायतीत आलेली तार म्हणजे तुमच्या घरात आलेली तार नव्हे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जोडणी देणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्यावं: किती जीबीनंतर वेग पडतो, खोदकामात केबल तुटली तर किती दिवसांत जोडणार, लाईट गेल्यावर पेटीला बॅटरी आहे का. हा प्रश्न पोरांच्या खेळापुरता नाही, सातबारा आणि दाखलेही ऑनलाईनच आहेत.

घरी तार आलीच असेल तर रात्री आठ ते दहा, सगळं गाव मोबाईल घेऊन बसतं तेव्हा, वेग आणि पिंग बघा. पिंग म्हणजे हुकूम जाऊन यायला लागणारा वेळ. आठवडाभर तो ४० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर एक महिन्याची वर्गणी भरून पाहायला हरकत नाही. जुनं कन्सोल मात्र इतक्यात भंगारात काढू नका, डिस्कवरचे बरेच खेळ तार तुटली तरी चालतात.