तारकागुच्छांचे गणित

उन्हाळ्यात शहरी दिव्यांपासून दूर गेल्यास दक्षिण आकाशात, क्षितिजापासून फार उंच नसलेल्या नरतुरंग तारकासमूहात, एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. हा ओमेगा सेंटॉरी. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या या गोलाकार तारकागुच्छात अंदाजे एक कोटी तारे आहेत. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. या गुच्छाच्या गाभ्यात मात्र शेजारी ताऱ्यांमधील अंतर एका प्रकाशवर्षाहूनही बरेच कमी असते. अशा दाटीचे पुढे काय होते?

उत्तर अवघड आहे, कारण प्रत्येक तारा इतर प्रत्येक ताऱ्याला ओढतो. दहा ताऱ्यांच्या जोड्या होतात ४५. दहा लाख ताऱ्यांच्या जवळपास ५० हजार कोटी. तारे जरा सरकले की हे गणित पुन्हा मांडावे लागते. त्यात काही जोडतारे एकमेकांभोवती अवघ्या काही दिवसांत फिरतात, तर गुच्छाचे वय असते सुमारे १,२०० कोटी वर्षे. काळाच्या या दोन टोकांची सांगड घालणे, ही संगणकाची खरी कसोटी.

जर्मनीतील सेबास्टियन फॉन हर्नर यांनी १९६० मध्ये १६ ताऱ्यांपर्यंतचे गुच्छ संगणकावर अभ्यासले. केंब्रिजच्या स्वेर्र आर्सेथ यांनी १९६३ मध्ये ही मजल शंभरापर्यंत नेली. दहा लाख ताऱ्यांचे वास्तवाशी जुळणारे प्रतिरूप साकारले ते २०१६ मध्ये, ‘ड्रॅगन’ प्रकल्पात. त्यातही आर्सेथ सहभागी होते.

या साऱ्यातून एक विलक्षण चित्र उभे राहिले. जड तारे केंद्राकडे बुडतात, हलके बाहेर सरकतात. ऊर्जा गमावलेला गाभा ‘थंड’ होण्याऐवजी आकसतो आणि तेथील तारे अधिकच वेगाने धावू लागतात. त्यामुळे आणखी ऊर्जा बाहेर जाते. हे असेच चालू राहिल्यास गाभा कोसळत जाणार. त्याला सावरतात जोडतारे. तिसरा तारा जवळून गेला की घट्ट जोडी अधिकच घट्ट होते आणि त्यातून सुटलेली ऊर्जा त्या पाहुण्याला वेगाने दूर भिरकावते.

कृष्णविवरांच्या जोड्याही अशाच घडतात. त्यांच्या मीलनातून गुरुत्वीय लहरी मिळतील, असे भाकीत अशा प्रतिरूपांवरून २००० मध्येच करण्यात आले होते. कृष्णविवरांच्या मीलनाची पहिली लहर २०१५ मध्ये अमेरिकेतील ‘लायगो’ने टिपली. ती एखाद्या तारकागुच्छातूनच आली, असे ठामपणे म्हणता येत नाही; पण अशा जोड्यांचे उगमस्थान शोधण्यासाठी लहरीची दिशा अधिक नेमकी कळायला हवी. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ नियोजित असलेल्या ‘लायगो-इंडिया’चे महत्त्व नेमके यातच आहे.