उशाखालचा खान्देश

उशाशी कोणतं पुस्तक ठेवावं? माझं उत्तर ठरलेलं आहे: जे मध्येच सोडता येतं ते. पुढे काय होणार म्हणून पहाटे तीनपर्यंत जागवणारी कादंबरी उशाशी ठेवणारा माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसात जांभया देतो आणि दोष मात्र चहाला देतो. उशाच्या पुस्तकाला भुसावळ पॅसेंजरसारखे थांबे हवेत, कुठेही उतरता यावं असे. आणि थांब्यांच्या बाबतीत जळगाव-धुळ्याचा हात कोणी धरणार नाही. इथल्या मातीतली, इथल्या माणसांच्या हातून गेलेली बरीच पुस्तकं मुळातच तुकड्यातुकड्यांत सांगितलेली आहेत. कुणी दर रविवारी सांगितली, कुणी रात्रीमागून रात्र, कुणी दळणामागून दळण.

अठरा अध्याय, अठरा रविवार

धुळ्याचा तुरुंग, १९३२. सत्याग्रहात पकडलेल्या मंडळींनी बराकी भरलेल्या. २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलायला सुरुवात केली आणि १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय संपवला. कॅलेंडर काढून मोजा: या दोन तारखांच्या दरम्यान, दोन्ही धरून, बरोबर अठरा रविवार येतात. एकही खाडा नाही. ऐकायला जमनालाल बजाज होते, पुढे काळजीवाहू पंतप्रधान झालेले गुलझारीलाल नंदा होते, भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने होते. आणि एका बाजूला बसून भराभर लिहून घेणारे एक मास्तर होते, अमळनेरचे साने गुरुजी. त्यांच्या हातून उतरलेली ती भाषणं म्हणजेच ‘गीता प्रवचने’. आज कित्येक भाषांत ती वाचली जातात. तुरुंगात तयार झालेलं हे पुस्तक उशाशी फार छान रुळतं, कारण प्रत्येक प्रवचन एका बैठकीचं आहे. विनोबांनी ते आठवड्याला एक दिलं, तुम्ही रात्रीला एक घ्या.

प्रकरण नव्हे, रात्र

जवळजवळ वर्षभराने तेच साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार: लेखणी हातात घेतली. १३ फेब्रुवारी, सोमवार: खाली ठेवली. ‘श्यामची आई’चा मोठा भाग या पाच दिवसांतला. पण उशाच्या हिशेबाने खरी गंमत अनुक्रमणिकेत आहे. या पुस्तकात प्रकरणं नाहीतच, रात्री आहेत. ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असं करत बेचाळिसावीपर्यंत. आश्रमात प्रार्थना आटोपली की श्याम मित्रांना आईची एक आठवण सांगतो आणि उरलेलं उद्यावर ठेवतो. किती वाचायचं हे लेखकानेच ठरवून दिलेलं दुसरं मराठी पुस्तक मला आठवत नाही. एकच सूचना: रडू आवरत नसेल तर दोन रात्री एकदम घेऊ नयेत.

गुरुजींना मुलांसाठी रोजच्या रोज लिहायची सवय अमळनेरात लागली असावी असा माझा कयास आहे. १९२४ ते १९३० या काळात ते तिथे शिक्षक होते आणि वसतिगृह सांभाळत होते. पोरांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक ते काढत. छापील नव्हे, हाताने लिहिलेलं! आपल्याला आठवड्याला एक पत्र लिहिणं होत नाही.

या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. अत्रे हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

झोपेवरचा समास कितव्या रात्री येतो?

दासबोधात २० दशक, प्रत्येकात १० समास, म्हणजे एकूण २००. रोज रात्री एक घेतला तर सहा-सात महिन्यांची बेगमी. आता मजा पाहा. अठराव्या दशकातल्या नवव्या समासाचं नाव आहे ‘निद्रानिरूपण’. माणसं जांभया कशा देतात, घोरतात कशी, झोपेत बडबडतात कशी, याची समर्थ रामदासांनी त्यात अशी खिल्ली उडवली आहे की शेजारी घोरणाऱ्याला उठवून वाचून दाखवावंसं वाटतं. आणि लगेच पुढचा, दहावा समास कशावर? वाईट श्रोत्यांच्या लक्षणांवर! ओळीने वाचत गेलात तर झोपेचा समास १७९व्या रात्री येईल. तोवर जाग राहिली तर.

यात धुळं कुठे आलं? धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी साहित्य शोधण्यात सगळा जन्म घातला. गावोगावच्या मठांतून, माळ्यांवरून बाडं गोळा केली, समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातच्या प्रतीवरून दासबोध छापून काढला. धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर ही त्याच खटाटोपाची कमाई. खुद्द समर्थांच्या हस्ताक्षरातलं वाल्मीकि रामायण तिथे जपून ठेवलेलं आहे. सातही कांडं हाताने उतरवून काढायची, तेही समईच्या उजेडात. आपण मोबाइलवर फॉण्ट मोठा करून दोन पानांत दमतो.

याच शहरात इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी गेले. त्यांच्या मागे लगेच, १९२७ मध्ये, धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं. राजवाड्यांनी संपादलेली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ २२ खंडांची आहेत. ती उशाशी ठेवायची झाल्यास झोपायला दुसरी खोली बघावी लागेल.

कोऱ्या कागदाचं उत्तर

जाडजूड नको असेल तर तापी-पूर्णेच्या संगमावर चला. मुक्ताईनगरजवळचं चांगदेव ते इथेच. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेव योग्याला पोरसवद्या ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून त्याने कागद कोराच धाडला. चौदाशे वर्षांचं सोडा, पण उत्तर मात्र खरोखर हातात आहे: ‘चांगदेव पासष्टी’, ६५ ओव्या. संपूर्ण ग्रंथ एका रात्रीत वाचून होतो. समजायला किती रात्री लागतील ते ज्याचं त्याने पाहावं.

श्रावणात मात्र घरोघरी पोथीचं राज्य. श्रीधराचं ‘शिवलीलामृत’ १४ अध्यायांचं, पण वाचणाऱ्यांचा सगळा ओढा अकराव्याकडे. कित्येक आज्यांना तो तोंडपाठ असतो. पोथी समोर उघडी असते ती केवळ रीत म्हणून, पान उलटायचंसुद्धा भान नसतं.

जिला वाचता येत नव्हतं तिचं पुस्तक

असोद्याची लेक, जळगावची सून, बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी सुचत गेली आणि मुलगा सोपानदेव व त्याचा मावसभाऊ यांनी जमतील तशी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. ‘बहिणाबाईंची गाणी’ आलं १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. (म्हटलं होतं ना, पुन्हा येणार!) म्हणजे आपलं पुस्तक त्यांनी ना उशाशी ठेवलं ना हातात धरलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. मला विचाराल तर हे पुस्तक रात्रीचं नाहीच, पहाटेचं आहे. जात्याची वेळ ती त्याची वेळ. आणि मनातल्या मनात वाचायचं तर मुळीच नाही. मोठ्याने वाचल्याशिवाय त्या बोलीचा ठेका सापडत नाही. मात्र शेजारच्या खाटेवरून ‘जपी जाय आते’ असा अहिराणी दम आला तर गुमान दिवा बंद करावा.

रात्रीचीच कविता हवी तर धरणगावचे बालकवी आहेत. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ही पदवी मिळाली आणि मूळ नाव मागे पडलं. त्यांची ‘फुलराणी’ संध्याकाळी सुरू होते आणि उजाडता उजाडता संपते. बरोबर एका रात्रीची गोष्ट. वाचायला पाच मिनिटं पुरतात, पुढची रात्र आपली आपण काढायची.

चाकू, काव्य आणि अडकित्ता

उशाखाली पुस्तक ठेवणारा जगातला सगळ्यात नामांकित माणूस म्हणजे सिकंदर. होमरचं ‘इलियड’ आणि एक खंजीर, दोन्ही तो उशाखाली घेऊन झोपत असे, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. आमच्याकडच्या आज्यांना यात नवल वाटणार नाही. पोर झोपेत दचकतं म्हटलं की उशाखाली अडकित्ता आणि शेजारी मारुतीस्तोत्राची बोटभर पुस्तिका. व्यवस्था तीच, फक्त मोहीम निराळी.

उशाच्या पुस्तकांतली सगळ्यात गंभीर आठवण बाबासाहेब आंबेडकरांची आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीत त्यांनी पलंगाजवळच्या टेबलावर टाइप केलेले कागद आणून ठेवायला सांगितले: ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना आणि दोन पत्रं. एक एस. एम. जोशींना, दुसरं, हो, अत्र्यांना. त्या रात्रीच झोपेत ते गेले. ग्रंथ निघाला तो पुढच्या वर्षी. धुळ्याशी त्यांचं नातं लळिंगच्या लांडोर बंगल्याचं. १९३७ साली कोर्टाच्या कामाला आले असता ते तिथे उतरले होते, आणि अजूनही दर ३१ जुलैला माणसं तिथे त्यांच्या आठवणीसाठी जमतात.

दहा मिनिटांचा सवाल

मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी: बोस्टनच्या संशोधकांनी बारा जणांना काही रात्री छापील पुस्तक आणि काही रात्री उजळ पडद्याचं यंत्र वाचायला दिलं. निष्कर्ष २०१४ च्या अखेरीस छापून आला. पडदा वाचणाऱ्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली. फक्त दहाच? जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेलेला असताना, झोप दहा मिनिटं उशिरा आली हे कुणाच्या लक्षात येणार! गच्चीवर पाणी मारून, गादी टाकून, तापलेली फरशी निवण्याची वाट बघत पडलेल्या माणसाला पुस्तकाशिवाय दुसरा आधार काय? खरं तर उकाडा हाच खान्देशातल्या वाचनाचा मोठा आश्रयदाता आहे आणि त्याचं नाव कोणी ग्रंथालयाच्या फलकावर लिहीत नाही.

आणि घरात रात्री खरोखर सगळ्यात जास्त काय वाचलं जातं? माझी पैज ‘कालनिर्णय’वर, तेही मागच्या बाजूवर. १९७३ पासून भिंतीवर असलेल्या या दिनदर्शिकेच्या पाठीवरचे लेख कोणी आवडतं वाचन म्हणून सांगत नाही, पण डोळा लागेपर्यंत नजर तिथेच असते.

डासांविषयी थोडं

जपानमध्ये हजार वर्षांपूर्वी सेई शोनागोन नावाची एक राजदरबारी बाई होऊन गेली. तिच्या पुस्तकाचं नावच मुळी ‘उशाचं पुस्तक’. त्यात तिने आवडत्या-नावडत्या गोष्टींच्या याद्या केल्या आहेत आणि संतापजनक गोष्टींत एक नोंद अशी आहे, की नेमका डोळा लागत असताना कानाशी येऊन गुणगुणणारा डास. बाई जळगावला आल्या नसतील, पण त्यांचं दुखणं आपलंच आहे.

तर डासासाठी कोणतं पुस्तक? बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा अगदीच हलक्या. त्यांचा झुंजार गुंडांना लोळवेल, डासाला नाही. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्याकडे वळावं. पंचविशीत लिहिलेली त्यांची ‘कोसला’ माझ्या नियमाने उशाशी ठेवायला नालायक आहे. पांडुरंग सांगवीकर एकदा बोलायला लागला की झोपू देत नाही. पण २०१० ची ‘हिंदू’ सहाशे पानांच्या घरातली, भरपूर वजनाची. एका फटक्यात काम होतं. फक्त प्रत वाचनालयाची नाही ना, हे आधी बघून घ्यावं, कारण पानावरच्या डागाचा खुलासा ग्रंथपालाला पटत नाही.