एक ओळ चुकली की पहिले पाढे पंचावन्न! पायथॉनमध्ये लूपच्या आत लूप लिहून लिस्ट कशी बनते?

प्रोग्राम चालतो, एररही येत नाही. पण उत्तर चुकलेले असते. पायथॉन शिकणाऱ्यांची नेस्टेड लूपमध्ये अशी फसगत अनेकदा होते. कोडिंग चाचणीत ही चूक सापडेपर्यंत वेळ संपलेली असते. पाढ्यांच्या उदाहरणातून ती समजून घेऊया.

नेस्टेड लूप म्हणजे काय?

एका लूपच्या आत दुसरा लूप. समजा, 2, 3 आणि 4 चे पाढे हवेत. बाहेरचा लूप पाढा निवडतो, आतला लूप त्याला 1 ते 10 ने गुणतो. आतला लूप पूर्ण झाल्यावरच बाहेरचा पुढे सरकतो. एकूण गुणाकार 30.

लिस्ट कशी तयार होते?

1. दोन्ही लूपच्या आधी 'तक्ता' नावाची रिकामी लिस्ट बनवा.
2. बाहेरच्या लूपमध्ये शिरताच 'ओळ' नावाची नवी रिकामी लिस्ट बनवा.
3. आतल्या लूपमध्ये प्रत्येक गुणाकार 'अपेंड' वापरून 'ओळ'मध्ये टाका.
4. आतला लूप संपल्यावर 'ओळ' ही 'तक्ता'मध्ये टाका.

शेवटी 'तक्ता'मध्ये 3 लिस्ट असतात आणि प्रत्येकीत 10 आकडे.

चूक नेमकी कुठे होते?

दुसरी पायरी दोन्ही लूपच्या वर लिहिली, की 'तक्ता'मध्ये तीनही ठिकाणी 30 आकड्यांची एकच लिस्ट दिसते. कारण 'अपेंड' लिस्टची प्रत काढत नाही, मूळ लिस्टच जोडतो. उलट, 'तक्ता' बाहेरच्या लूपच्या आत रिकामा केला, तर शेवटी फक्त 4 चा पाढा उरतो. चौथी पायरी चार स्पेस उजवीकडे सरकून आतल्या लूपमध्ये गेली, तर 3 ऐवजी 30 नोंदी होतात. पायथॉनच्या दृष्टीने यातले काहीच चूक नाही, म्हणून एरर येत नाही.

हे एका ओळीत जमते का?

हो. 2000 मध्ये आलेल्या पायथॉन 2.0 पासून लिस्ट कॉम्प्रिहेन्शनची सोय आहे. त्यात दोन 'फॉर' एकापुढे एक लिहिले, तर पहिला बाहेरचा ठरतो आणि 30 आकड्यांची सलग लिस्ट मिळते. पाढे वेगवेगळे हवे असतील, तर आतला लूप स्वतंत्र चौकटी कंसात लिहावा लागतो.

मोठ्या याद्यांचे काय?

प्रत्येकी 1 लाख नावांच्या दोन याद्या नेस्टेड लूपने जुळवायच्या, तर 1000 कोटींपर्यंत तुलना कराव्या लागू शकतात. अशा वेळी एका यादीचा 'सेट' बनवा. मग दुसऱ्या यादीतील प्रत्येक नाव त्यात एकदाच शोधले की काम होते.

हे लक्षात ठेवा

आधी छोटे आकडे घेऊन पाहा आणि 'लेन' वापरून लांबी तपासा. 'तक्ता' 3 आणि त्यातली प्रत्येक ओळ 10 आली नाही, तर रिकामी लिस्ट कुठे लिहिली आहे, ते आधी बघा.